बडोदे ते काठमांडू, व्हाया नाशिक

गुरुवारी जेवताना मुलीने विचारलं, की ती आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण मोटरसायकलींवरून लेहला गेल्या तर चालेल का. किती दिवस, असं मी विचारलं. ती म्हणाली, अकरा.

मी वाटीतली आमटी संपवली आणि मग बोललो, कारण मधल्या वेळात हिशेब करायचा होता. बडोद्याहून लेहला जाऊन परत येणं म्हणजे तीन हजार नऊशे वीस किलोमीटर. हा नेमका आकडा मी दुसऱ्या दिवशी पाहिला, पण जेवतानाही मनात साधारण चार हजार आलेच होते. अकराने भागलं तर रोजचे तीनशे छप्पन्न. त्यात इतक्या उंचीवर गेल्यावर दोन दिवस एका जागी स्वस्थ बसावं लागतं, नाहीतर डोकं दुखून माणूस आडवा होतो. म्हणजे गाडी चालवायला उरले नऊ दिवस, रोजचे चारशे पस्तीस. आणि शेवटचा सव्वाचारशेचा रस्ता असा, की चांगला चालवणाराही तिथे दिवसाला दोनशेच्या वर जात नाही.

मी नाही म्हणालो.

मुलगी पंचवीस वर्षांची आहे. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात इंजिनिअर आहे. मोटरसायकल तिने स्वतःच्या पगारातून घेतली. तिला कुठे जायला माझी परवानगी लागत नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. पण आमच्या घरात लांबच्या प्रवासाला निघताना सगळ्यांचा होकार घेऊन निघायची पद्धत आहे, आणि ती तिने आजवर मोडली नव्हती. तिची मैत्रीण सप्टेंबरात शिकायला परदेशी जाणार होती. दोघी दोन वर्षं हा प्रवास ठरवत होत्या. यंदा राहिला तर तो कायमचाच राहणार होता. रजेचा अर्ज सोमवारी सकाळी द्यायचा होता. माझ्याकडे चार दिवस होते, खरं तर तिच्याकडे.

बायकोचं मत विचारलं तर ती म्हणाली, "बाबांनी हो म्हटलं तर माझं हो." हे मत नव्हे, पण त्यावर वाद घालता येत नाही.

शुक्रवारी मुलीने मला फोनवर एक नकाशा दाखवला. त्यात ती म्हणजे एक निळा ठिपका. ती जाईल तिथे ठिपका जाणार, आणि मी बडोद्यात अकोट्याच्या घरी बसून तो पाहणार.

"आणि ठिपका थांबलेला दिसला तर?" मी विचारलं.

"तर मी चहा पीत असेन, बाबा."

"किती वेळ?"

"चहाला लागतो तेवढा."

"म्हणजे साधारण?"

तिने फोन खिशात टाकला. माझा प्रश्न चुकीचा नव्हता. मी गेली अठ्ठावीस वर्षं मोजमापाची साधनं बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं काम करतो. 'तेवढा' हे माप आमच्याकडे कुणी स्वीकारत नाही.

शनिवारी तिने दुसरी बाजू उघडली. "तुम्ही काकांबरोबर स्कूटरवरून काठमांडूला गेला होतात. तेव्हा आजोबांनी हो म्हटलं होतं ना?"

मी म्हणालो, तो काळ वेगळा होता. हे खरंच आहे. पण हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि क्वालिटीत काम करणाऱ्या माणसाच्या ते लक्षात येतं. तिने तिथल्या तिथे काकांना फोन लावला आणि रविवारी सकाळी साडेनऊला बोलावून घेतलं.

काका म्हणजे माझा मित्र. गुजराती. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, त्यामुळे त्याचं मराठी आणि माझं गुजराती दोन्ही सारखंच कामचलाऊ आहे. त्याचं नटबोल्टचं दुकान आहे, एक गुडघा बदललेला आहे, आणि सांगायला घेतलेली कुठलीही गोष्ट तो दीडपट करून सांगतो. मी हे प्रमाण अनेकदा पडताळलं आहे. दीडाच्या खाली तो क्वचित येतो.

रविवारी तो सेव-उसळीची पार्सलं घेऊन आला. माझी आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू तिला व्यवस्थित येतं, पण ते ती सहसा कुणाला कळू देत नाही. मी कपाटातून प्रवासाची वही काढून आणली, कारण मित्र बोलणार असेल तर जवळ काहीतरी लेखी असलेलं बरं.

तेव्हाचा काळ वेगळा होता असं मी म्हणतो, तेव्हा मला काय म्हणायचं असतं ते आधी सांगतो. ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघे बावीस वर्षांचे, परीक्षा संपलेली, निकाल यायचा होता. प्रवासाला निघताना कागद लागतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. धर्मशाळेत गेलं की म्हातारा व्यवस्थापक विचारायचा, कुठून आलात. बडोदा म्हटलं की लांबून आलात म्हणायचा आणि खोली दाखवायचा. ओळखपत्र, फोटो, फोनवर आलेला आकडा, काही नाही. कुणाला तुमचा पत्ता लागू नये असं वाटलं तर त्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे. शहराच्या वेशीबाहेर गेलं की झालं. आता मुलीच्या यादीत मी मोजले तर सात प्रकारचे परवाने, शुल्कं आणि नोंदण्या होत्या, आणि त्यातल्या चार ठिकाणी माझा फोन नंबर होता.

मित्राला हिमालयातला बर्फ पाहायचा होता. स्कूटर त्याच्या मामाची. मामा तीन महिन्यांसाठी अमेरिकेला मुलीकडे गेले होते आणि जाताना भाच्याला सांगून गेले होते की अधूनमधून चालू करत जा, बॅटरी उतरायला नको.

"तर आम्ही चालू केली," मित्र मुलीला म्हणाला.

अंतर मी शाळेच्या नकाशापुस्तकावर मोजलं. आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला, नकाशातल्या लाल रस्त्यावर तो बोटाने दाबत दाबत बडोद्यापासून काठमांडूपर्यंत नेला, मग सरळ करून पट्टीवर धरला. एक हजार पाचशे वीस किलोमीटर. प्रत्यक्षात तिथे पोचलो तेव्हा मीटरवर एक हजार आठशे सत्तेचाळीस झाले होते. एका मोठ्या पुस्तकाच्या एका पानावर भारत आणि नेपाळ मावतात तेव्हा घाटातली वळणं त्यातून गळून गेलेली असतात, हे मला जाण्याआधी सुचलं नाही. मी गणितात कॉलेजात पहिला होतो.

"आणि थेपले सांग," मित्र म्हणाला. "माझ्या बाने दोनशे थेपले बांधून दिले होते."

मी वही पाहिली. शहाण्णव.

"शहाण्णव तर शहाण्णव. पण तुला सांगतो बेटा, सहा दिवस दुसरं काही खाल्लं नाही. सातव्या दिवशी लखनौमध्ये हा म्हणाला, थेपले संपले, तर मी रस्त्यात बसून हसलो."

हे बरोबर आहे. तो हसला होता. डब्यात कैरीच्या गोड छुंद्याची बरणीही होती. ती सागरच्या अलीकडे एका खड्ड्यात फुटली, आणि माझे दोन शर्ट आणि वहीची सुरुवातीची चार पानं आजही गोडसर वासाची आहेत. मुलीने वास घेऊन पाहिला आणि मान डोलावली.

हेल्मेट आमच्याकडे एकच होतं. हे ऐकून ती सरळ बसली. दोघांत एक? मी तिला समजावलं, की ते आम्ही दर पन्नास किलोमीटरला बदलत होतो, म्हणजे अन्याय कुणावर झाला नाही. ती म्हणाली, "अन्यायाचा प्रश्न नाहीये, बाबा." बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली तरी हेल्मेटचं तिला मी सांगितलं नव्हतं. तिने विचारलं नव्हतं, हे त्याचं कारण.

झाशीच्या पुढे एका नदीवरचा पूल बंद होता. लोक नावेतून पलीकडे जात होते. आम्ही स्कूटर नावेत आडवी घातली. मित्राच्या सांगण्यात त्या नावेत वीस बकऱ्या होत्या. वहीत नऊ आहेत. नदीच्या मध्यावर त्यांतल्या एका बकरीने स्कूटरच्या सीटचा कोपरा खाल्ला. नावाडी म्हणाला, घाबरू नका, तिला सवय आहे. कशाची सवय, ते आम्ही विचारलं नाही.

"आणि बॉर्डरचं सांगू?" मित्राला आता रंग चढला होता. सेव-उसळीचं दुसरं पार्सल त्याने स्वतःकडे ओढलं.

नेपाळच्या सरहद्दीवर एका टेबलामागे एक अधिकारी बसला होता. त्याने आम्हाला कुठलंही कार्ड मागितलं नाही. स्कूटरचा कागद मागितला. त्यावरचं नाव वाचून म्हणाला, हे कोण? मित्र म्हणाला, मामा. अधिकाऱ्याने विचारलं, मामा कुठे आहेत? अमेरिकेत. मामांना माहीत आहे का, की त्यांची स्कूटर नेपाळला चालली आहे? इथे माझा मित्र, जो दुकानात दिवसभर गिऱ्हाईकांना काय काय सांगत असतो, तो एकदम खरं बोलला. नाही, म्हणाला. अधिकारी बराच वेळ हसला, शेजारच्या टेबलावरच्यालाही त्याने ते सांगितलं, आणि शिक्का मारून कागद परत दिला. एवढ्यावर आम्ही एका देशातून दुसऱ्या देशात गेलो.

तिथून पुढे चढ. दोघांना घेऊन ती स्कूटर चढेना. मग मी एकटा दोनशे मीटर पुढे न्यायचो आणि थांबायचो, मित्र चालत यायचा, बसायचा, थोड्या वेळाने पुन्हा उतरायचा. मित्र आजतागायत म्हणतो की तो हिमालय चाळीस किलोमीटर चालला. वहीत अकरा किलोमीटर चारशे मीटर आहे. हा एकमेव आकडा असा आहे, की त्यावरून आमचं खरं भांडण झालेलं आहे, आणि त्या रविवारीही होणार होतं. मुलीने मध्ये हात घातला आणि विचारलं, पण बर्फ कसा होता?

मी वहीचं पान उलटलं. मे महिना होता. काठमांडूत आम्ही दोन दिवस होतो आणि दोन्ही दिवस उत्तरेला पांढुरक्या धुराशिवाय काही दिसलं नाही. वहीत दोन्ही दिवशी एकच ओळ आहे. बर्फ: दिसला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. जाऊन येऊन तीन हजार सातशे अकरा किलोमीटर, एकोणीस दिवस, चार पंक्चर, तीन प्लग आणि एक क्लच वायर.

मुलगी खूप हसली. मग तिने रुमालाने डोळे पुसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, यावेळी मित्राला. "काका, आजोबांनी हो कसं म्हटलं?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. त्याचा तो गुडघा एकदम दुखायला लागला असावा, कारण तो दोन्ही हातांनी चोळू लागला. "हे तुझ्या बाबांना विचार," म्हणाला. "आमच्या घरी तर मी नाथद्वाऱ्याला दर्शनाला गेलो होतो आणि मग उदयपूरला फोईकडे, माझ्या आत्याकडे, राहिलो होतो."

"आणि तुम्ही, बाबा?"

मी वही मिटली. वहीत हे नव्हतं.

"मी नाशिकला होतो," मी म्हणालो.

आता सगळंच सांगावं लागलं. नाशिकला माझा एक वर्गमित्र होता. त्याच्याकडे राहून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो, असं सांगून मी निघालो होतो. घरी फोन नव्हता, पत्र हाच मार्ग. म्हणून मी निघण्याआधी बसून सहा पोस्टकार्डं लिहून ठेवली, दर तिसऱ्या दिवसाचं एक. काम नीट व्हावं म्हणून प्रत्येकावर तारीख घातली, आणि सहाही पत्रं वेगवेगळी वाटावीत म्हणून मजकुरात काळजी घेतली. एकात वर्गमित्राच्या आईने आमरस केल्याचं होतं. एकात माझा घसा बसला होता आणि पुढच्यात बरा झाला होता. एकवीस तारखेच्या पत्रात काल इथे वळवाचा पाऊस पडला असं होतं. ही सहा कार्डं पाकिटात घालून मी नाशिकला पाठवली आणि कोणतं कधी टाकायचं त्याचा तक्ता सोबत जोडला.

वर्गमित्राला मध्येच आजोळी कोकणात जावं लागलं. आपल्यामागे एखादं पत्र टाकायचं राहू नये म्हणून त्याने निघण्याआधी सहाही एकदम पेटीत टाकली. पुढे भेटल्यावर त्याने मला अभिमानाने सांगितलं, की एकही राहिलं नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते रेल्वेत कंट्रोल ऑफिसात होते. प्रतापनगरला एका लांब टेबलाशी बसून, कानाला फोन लावून, कुठली गाडी या घडीला कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे, हे कागदावर पेन्सिलीने ओढत राहायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. अशा माणसाच्या हातात अकरा तारखेला एका टपालात मुलाची सहा पत्रं आली, आणि त्यांतली पाच पुढच्या तारखांची होती. नऊ दिवसांनंतर नाशिकला पाऊस पडून गेला होता. मुलाचा न बसलेला घसा बरा झाला होता.

त्याच आठवड्यात खंडेराव मार्केटात भाजी घेताना त्यांना मित्राचे वडील भेटले. दोघांनी एकमेकांना आपापला मुलगा कुठे आहे ते सांगितलं. एक नाशिकला, दक्षिणेला. दुसरा नाथद्वाऱ्याला, उत्तरेला. आणि मामांची स्कूटर जागेवर नाही. मित्राच्या वडिलांनी दुधी निवडता निवडता निकाल देऊन टाकला, की दोघे दमणला प्यायला गेले असणार, बे दिवसमां आवी जशे, दोन दिवसांत येतील. दारूबंदीच्या गुजरातेत मुलं न सांगता गेली की बापाच्या डोक्यात पहिलं दमणच येतं. पण अण्णांना ते पटलं नाही. दमण किती लांब आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि सहा पत्रं लिहून ठेवून कुणी दोन दिवसांसाठी जात नाही.

त्यांनी पोलिसांत सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. आई घाबरेल म्हणून त्यांनी सहाही पत्रं ऑफिसच्या पिशवीत ठेवली. मग दर तिसऱ्या दिवशी, कार्डावरच्या तारखेला दोन दिवस टपालाचे धरून, एक पत्र बाहेर काढायचे, आत्ताच आल्यासारखं चहाच्या वेळी आईला वाचून दाखवायचे. नाशिकला पाऊस झाला म्हणतो. घसा बसलाय म्हणतो. आता बरा आहे म्हणतो. हे सगळं अण्णांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं.

मी परत आलो तेव्हा ते फाटकात उभे होते. पिशवीतून सहा कार्डं काढून माझ्या हातात ठेवली, आणि किती किलोमीटर झाले ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. तू तरीही गेला असतास. पण गाडी कुठल्या सेक्शनात आहे, एवढं तरी मला कळलं असतं."

हे एवढं सांगून होईपर्यंत सेव-उसळ गार झाली होती. मित्र खाली पाहत होता. हे शेवटचं त्यालाही मी सांगितलं नव्हतं. बायको दारातून येऊन खुर्चीवर बसली होती. मुलीने वही माझ्या हातातून घेतली आणि उगीचच पानं उलटली.

आणि मग खिडकीजवळून आई म्हणाली, "टपाल मी घेतलं होतं."

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"पोस्टमन सकाळी यायचा. तेव्हा ते ड्यूटीवर असायचे. सहाही पत्रं माझ्याच हातात दिली त्याने. मी वाचली, आणि ते यायच्या वेळी दाराच्या फटीतून टाकल्यासारखी उंबऱ्याशी ठेवून दिली."

"मग तू त्यांना बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"ते इतकं छान वाचून दाखवायचे," आई म्हणाली. "तुझा घसा बसला ते वाचताना स्वतः खोकले होते. त्यांना वाटत होतं की मला काळजी नाही, म्हणून त्यांना थोडं बरं वाटत होतं. ते कशाला मोडू? पावसाचं आलं त्या दिवशी मात्र मला हसू आवरेना. उठून आत गेले. त्यांना वाटलं मी रडते आहे, तर ते पाणी घेऊन आले."

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. पस्तीस वर्षांत आई यातलं कुणाला काही बोलली नव्हती. त्यांना तर नाहीच. मी खुर्चीत बसून आठवू लागलो, की मी परत आल्यावर तिने मला काय विचारलं होतं. तिने विचारलं होतं, नाशिकचा आमरस कसा होता. मी चांगला होता म्हणालो होतो.

मित्र उठून आईच्या पाया पडला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बायकोने थाळ्या उचलल्या आणि तशाच पुन्हा खाली ठेवल्या.

शेवटी मी मुलीला म्हणालो, की माझी बाजू इथे फारशी उभी राहत नाही. मी खोटं बोलून गेलो आणि ती विचारून जाते आहे. विचारणाऱ्याला नाही म्हणायचं आणि न विचारणाऱ्याची गोष्ट सेव-उसळीबरोबर ऐकायची, हे बरोबर नाही. पण रोजचे चारशे पस्तीस किलोमीटर हे तरीही धोक्याचे आहेत, आणि ते मी तिच्या आजोबांसाठीही कमी करू शकत नाही. दिवस वाढत असतील तर माझं हो आहे. अकरात नाही.

मुलीचे कान लाल झाले होते. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवलं की व्हायचे तसे.

"बाबा," ती म्हणाली, "अकरा नाहीत. सोळा आहेत."

"काय सोळा?"

"दिवस. तुम्ही सोळाला कधीच हो म्हटलं नसतं असं मला वाटलं. म्हणून अकरा सांगितले. मग वाटेतून फोन करणार होते, की वर रस्ता बंद झालाय, चार-पाच दिवस अडकलोय."

मित्र मोठ्याने हसला आणि मग हसू गिळून भिंतीकडे पाहू लागला. मी बायकोकडे पाहिलं. ती पदराने टेबल पुसत होती.

"तुला किती सांगितले होते हिने?" मी विचारलं.

"मला सोळाच सांगितले होते," बायको म्हणाली.

"आणि आईला?"

आई खिडकीबाहेर पाहत होती. तिला एकदम ऐकू येईनासं झालं होतं.

म्हणजे घरात अकरा फक्त मलाच माहीत होते. गुरुवारपासून मी ज्या आकड्याला नाही म्हणत होतो, तो आकडाच अस्तित्वात नव्हता. मी पेन्सिल घेतली. सोळातून विश्रांतीचे दोन वजा, चौदा. तीन हजार नऊशे वीस भागिले चौदा. बरोबर दोनशे ऐंशी, खाली काही उरत नाही. हे जमण्यासारखं होतं. हिने पहिल्या दिवशी खरा आकडा सांगितला असता तर मी आमटी संपायच्या आत हो म्हटलं असतं, हे मी तिला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"मग हो?" तिने विचारलं.

"हो. पण वरून रस्ता बंद झाल्याचा फोन आला तर तो बंद असलाच पाहिजे."

ती आत गेली आणि रजेचा अर्ज घेऊन आली. सोमवारची वाट न पाहता भरून ठेवलेला होता. पाच तारखेपासून एकवीस तारखेपर्यंत, एकूण दिवस सोळा. मी चष्मा लावून दोनदा पाहिला, मग बोटांवर मोजून पुन्हा पाहिला.

"हे सोळा नाहीत," मी म्हणालो.

"एकवीस वजा पाच सोळाच होतात, बाबा."

"वजाबाकी सोळा होते. पण निघायचा दिवस आणि परत यायचा दिवस, दोन्ही रजेत जातात. हे सतरा आहेत."

मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मित्र, बायको, आणि खिडकीतली आईसुद्धा. एवढ्या मेहनतीने मिळवलेला होकार एका दिवसासाठी परत जातो की काय, असं सगळ्यांना वाटलं असावं.

"मग परतायची तारीख वीस करू?" तिने हळूच विचारलं.

मी सोळावर रेघ मारली, वर सतरा लिहिले, आणि खोडलेल्या जागी तिला सही करायला लावली. सतरातून दोन गेले की पंधरा, रोजचे दोनशे एकसष्ट.

"तारीख कशाला बदलतेस," मी म्हणालो. "वर गेल्यावर एक दिवस धुकं असलं तर थांबा. बर्फ बघूनच या."